मंद नाडी आणि अडलेला श्वास

आपल्या व्यापारी कुटुंबांत घोरणे हा अद्याप थट्टेचा विषय आहे, आणि भर दुपारी पेढीवर डुलकी लागली तर तिचा दोष जेवणावर जातो. परंतु नाडी मंद असल्याचे आढळून पेसमेकर बसविण्याची गोष्ट निघते, तेव्हा या दोन्ही लक्षणांची चौकशी प्रथम व्हावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

काही जणांचा श्वासमार्ग झोपेत घशाचे स्नायू सैल पडून बुजतो. श्वास दहा सेकंद वा अधिक काळ अडतो, आणि विकार तीव्र असल्यास तो अडण्याचे वा खुंटण्याचे प्रकार तासाला ३० किंवा त्याहून अधिक वेळा घडतात. रक्तातील प्राणवायू घटला की व्हेगस नावाची मज्जातंतू हृदयाला आवर घालते व नाडी उतरते. क्वचित हृदयाचे ठोके काही सेकंद थांबतातही. श्वास मोकळा होताच तीच नाडी धावू लागते. पाण्यात बुडी मारणाऱ्याची नाडीही अशीच मंदावते. तेव्हा दोष हृदयाचाच असेल, असे नाही.

म्हणून चोवीस तासांच्या होल्टर आलेखातील सर्वांत लहान आकडा पाहून घाबरू नये. तो आकडा जागेपणीचा की झोपेतला, हे आधी विचारावे. चालण्याच्या चाचणीत नाडी योग्य प्रमाणात वाढते का, थायरॉईड मंद आहे का, हेही पाहावे लागते. मेटोप्रोलोल, डिल्टियाझेम यांसारख्या गोळ्या, इतकेच नव्हे तर काचबिंदूसाठी डोळ्यांत घालावयाचे टिमोलोलचे थेंबसुद्धा नाडी मंद करतात. आणि थेंबांना औषध म्हणून मोजतो कोण?

केवळ झोपेत नाडी मंदावते एवढ्यावरून, अन्य कारण नसता, कायमचा पेसमेकर बसवू नये व झोपेतील श्वासविकाराची लक्षणे तपासावीत, असे अमेरिकेतील हृदयरोगविषयक संस्थांनी २०१८ साली सांगितले आहे. निदान पक्के झाल्यास नाकावाटे हवेचा दाब देणारे सीपॅप यंत्र वापरतात. ही पद्धती कॉलिन सलिव्हन यांनी सिडनी येथे १९८१ साली प्रसिद्ध केली. या उपायाने पुष्कळांची रात्रीची नाडी सुधारते; अर्थात यंत्र कपाटात ठेवून नव्हे.

मात्र जागेपणी घेरी येत असेल, शुद्ध हरपत असेल किंवा आलेखात हृदयाचा मोठा ब्लॉक दिसत असेल, तर झोपेच्या चाचणीची वाट पाहत बसणे धोक्याचे आहे. तेथे पेसमेकरच प्राण वाचवितो. इतर वेळी वैद्यांकडे जाताना औषधांची पूर्ण यादी आणि रात्री शेजारी झोपणारे माणूस, ही दोन्ही बरोबर न्यावीत. श्वास अडल्याचे रोग्याला स्वतःला बहुधा ठाऊकच नसते.