वात दिसली पाहिजे

दिवाळीचा हंगाम आटोपला की आमच्या तेरखेड्याला थोडी उसंत मिळते. हमरस्त्यावरच्या फटाक्यांच्या दुकानांपुढची गर्दी ओसरते, कारखान्यांत राबणारी माणसे चार दिवस घरी दिसतात आणि पुण्याला शिकणारी मुले सुट्टीला येतात. आमचा थोरला पुतण्याही लॅपटॉप घेऊन आला. यंदा मात्र तो येण्याआधीच घरात एक प्रकरण घडून गेले होते. पाचवीतल्या धाकट्याने आमच्या भावजयीच्या मोबाइलवर एका खेळापायी १,८०० रुपये घालवले. एकदम नव्हे. कधी ४९, कधी ९९. बँकेचे संदेश घरात वाचतो कोण? भावाला कळले तेव्हा त्याने पोराच्या पाठीत दोन धपाटे घातले, फोन कपाटात टाकून कुलूप लावले आणि हुकूम सोडला, "आजपासून या घरात गेम बंद!"

आणि मग थोरला आला, त्याने लॅपटॉप उघडला आणि खेळू लागला. धाकटा आमच्याजवळ येऊन म्हणाला, "बडे अब्बा, भाईजानचा गेम चालतो, माझाच का नाही?"

प्रश्न रास्त होता आणि उत्तर आमच्यापाशी नव्हते. म्हणून तीन रात्री, इशाची नमाज झाल्यावर आणि धाकटा झोपल्यावर, आम्ही थोरल्याशेजारी बसलो. धाकट्याचा अब्बाही कुरकुरत येऊन बसला.

थोरला खेळत होता तो 'एल्डन रिंग'. हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीने बनवलेला हा खेळ २०२२ च्या फेब्रुवारीत आला. आपण एका योद्ध्याची भूमिका घ्यायची, अद्भुत मुलखात भटकायचे, हळूहळू ताकद आणि हत्यारे कमवायची. अशा खेळांत टप्प्याच्या शेवटी एक बडा शत्रू वाट अडवून उभा असतो. त्याला मुले 'बॉस' म्हणतात. ही कल्पना फार जुनी आहे. १९७५ साली अमेरिकेतल्या सदर्न इलिनॉय विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी 'प्लेटो' या संगणक-व्यवस्थेवर एक खेळ रचला होता. त्यात खजिन्यावर एक सोनेरी ड्रॅगन पहारा देत बसलेला असे. व्हिडिओ गेममधला पहिला बॉस म्हणून त्याचेच नाव घेतले जाते.

थोरल्याची वाट अडवली होती मार्गिट नावाच्या शिंगाड्या राक्षसाने. किल्ल्याच्या दाराशी तो सोटा घेऊन उभा असतो. सोटा वर उचलतो आणि लगेच मारत नाही, तसाच धरून ठेवतो. आपला गडी घाबरून आधीच बाजूला लोळण घेतो, आणि तो उठत असतानाच सोटा बसतो. खेळ खलास.

"किती वेळा मेलास?" आम्ही विचारले.

"बावीस, बडे अब्बा."

"मग राग नाही येत?"

"येतो. पण चूक माझीच असते. तो सोटा उचलतो तेव्हा मला दिसतं ना."

इतका वेळ गप्प बसलेला आमचा भाऊ यावर बोलला. त्याची उमर फटाक्यांत गेली आहे. "हे वातीसारखंच आहे," तो म्हणाला. "वात पेटलेली दिसली की माणूस मागे सरतो. लांब वात असली की चुकतो. विझली असं समजून पुन्हा जवळ जातो, आणि तेवढ्यात उडतो. पण वातच नसेल, तर तो फटाका नव्हे, अपघात."

या गावाने स्फोटांचे आवाज ऐकले आहेत आणि त्यानंतरची रडारडही. त्यामुळे हे वाक्य त्याने सहज उच्चारले नव्हते. चांगल्या बॉसची पहिली खूण आम्हाला त्यातच सापडली. त्याच्या प्रत्येक वाराला वात असते. ती आखूड असेल, लांब असेल, फसवीही असेल, पण दिसते.

पुढच्या दोन रात्रींत आणखी काही खुणा ध्यानात आल्या. चांगला बॉस जे विचारतो ते आधी शिकवलेले असते. दारापर्यंतच्या वाटेवरचे लहानसहान शिपाई ढाल कधी धरायची, लोळण कधी घ्यायची हेच शिकवत असतात. बॉस म्हणजे त्या धड्यांची परीक्षा. दुसरे, तो अर्ध्यावर आला की बदलतो. मार्गिट मधेच प्रकाशाचा हातोडा काढतो, म्हणजे पाठांतरावर निभाव लागत नाही, समज लागते. नुसते राक्षसाचे आयुष्य दसपट वाढवले आणि तोच वार अर्धा तास चुकवत बसायला लावले, तर ते अवघड होत नाही, कंटाळवाणे होते. तिसरे, हरण्याची शिक्षा बेताची असते. याच कंपनीच्या २०११ च्या 'डार्क सोल्स'मध्ये हरल्यावर बॉसपर्यंत पुन्हा बरीच वाट तुडवावी लागे. नव्या खेळात अनेक ठिकाणी दाराजवळच पुन्हा उभे राहता येते. चौथी खूण आम्हाला सगळ्यांत आवडली. मार्गिट जमत नसेल तर पाठ फिरवून निघून जाता येते. बाकीचा मुलूख फिरावा, बळकट व्हावे आणि मग परत यावे. त्याला कोणी पळपुटेपणा म्हणत नाही.

हे सारे ऐकताना आम्हाला 'तिलिस्म-ए-होशरुबा' आठवले. लखनौच्या नवल किशोर छापखान्यातून १८८३ पासून निघालेली अमीर हमजाच्या दास्तानीतली ती प्रचंड उर्दू ग्रंथमाला जाणत्या वाचकांना ठाऊक असेल. जादूगारांचा बादशाह अफरासियाब त्यातला बॉसच म्हणा ना! दास्तानीचा कायदा असा, की तिलिस्म कितीही भयंकर असो, तो मोडण्याची युक्ती सांगणारी 'लौह', म्हणजे पाटी, कुठेतरी असतेच. ती शोधायला जिवाचे रान करावे लागते, पण ती असते. लौह नसलेला तिलिस्म ऐकायला कोण बसले असते?

चौथ्या दिवशी दुपारी भावाकडून किल्ली घेतली, कपाट उघडले आणि धाकट्याला त्याचा खेळ दाखवायला सांगितले. तिथेही राक्षस होता. लढाई सुरू होते, पोर बोटे आपटते, राक्षस जवळजवळ मरतो, आणि एका फटक्यात आपला गडी आडवा होतो. त्या फटक्याआधी काहीच हलत नाही, काहीच चमकत नाही. लगेच पाटी येते, 'पुन्हा जिवंत व्हा, फक्त ४९ रुपये.' शेजारी सोन्याची तलवार असलेली बंद पेटी. ९९ रुपये द्या, निघाली तर निघाली.

"तू का हरलास?" थोरल्याने विचारले.

"माझ्याकडे सोन्याची तलवार नाही ना."

याच प्रश्नाला रात्री थोरल्याने दिलेले उत्तर होते, 'मी घाई केली.' दोन्ही खेळांतला फरक आम्हाला त्या दोन उत्तरांत दिसला. एका ठिकाणी हरलेला मुलगा स्वतःच्या हाताकडे पाहतो, दुसऱ्या ठिकाणी आईच्या पाकिटाकडे. पहिल्या राक्षसाला आपण जिंकावे म्हणून घडवलेले असते, दुसऱ्याला आपण पैसे द्यावेत म्हणून. त्या बंद पेटीला जुगार म्हणायला आम्ही कचरत नाही. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ साली पैसे देऊन उघडायच्या अशा पेट्या म्हणजे जुगारच, त्या आपल्याकडच्या जुगाराच्या कायद्याचा भंग करतात, असा निर्वाळा दिलाच होता. आपल्या संसदेनेही २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. पण खेळातली तलवार विकत घेणे ही गोष्ट वेगळी. तिथे राखण आईबापांनाच करायची आहे.

याचा अर्थ थोरल्याचा खेळ निर्दोष आहे असे नव्हे. तो वेळ खातो, रक्तपातही दाखवतो. युरोपात त्याला १६ वर्षांची आणि अमेरिकेत १७ वर्षांची अट आहे. पाचवीतल्या पोरासाठी तो नाहीच, आणि हे आम्ही धाकट्याला कारणासह सांगितले.

त्याच संध्याकाळी थोरल्याने हळूच आपल्या मनातली गोष्ट काढली. इंजिनिअरिंग संपल्यावर त्याला असे खेळ बनवायला शिकायचे आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' हा खेळ बनवला. पळवून नेलेल्या धाकट्या भावाला शोधत महाबलासुरापर्यंत पोहोचणाऱ्या मुलीची ती कथा. २०१७ साली लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी त्यांनी काम सोडले नाही. २०२० मध्ये खेळ आला आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या उत्कृष्ट खेळांच्या नामांकनात होता. भावाने हे सारे ऐकले. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. एवढेच म्हणाला, "बनवशील तर वात ठेव."

आम्हाला मात्र रात्री झोप लागली नाही. धाकट्याला पडलेल्या धपाट्यांना तरी वात कुठे होती? पैसे कसे जातात, बंद पेटी म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवले होते? पिन त्याला पाठ होता, कारण विजेचे बिल भरायला आम्हीच त्याला सांगत होतो. न शिकवलेल्या धड्याची परीक्षा घेऊन आम्ही त्याला नापास केले.

तेव्हा वाचकहो, आपल्या घरी मूल खेळत असेल तर एकदा शेजारी बसा. हरल्यावर त्याला विचारा, 'का हरलास?' उत्तरात चूक आली तर फक्त वेळेचे भान ठेवा. उत्तरात वस्तू आली, पैसे आले, तर तो खेळ काढून टाका, पण का काढला ते समजावून सांगा.

आमच्या घरी पिन बदलला आहे. गेम बंदीचा हुकूम मागे घेतला आहे. दुपारी अर्धा तास, विकत घेण्याची सोय नसलेला खेळ, आणि शेजारी कोणीतरी मोठे. परवा भाऊच बसला होता. धाकटा हरला, आणि आतून भावाचाच आवाज आला, "अरे, तो हात वर करत होता ना? दिसलं नाही तुला?"