किलोमीटर मोजू नका, उंची मोजा

मे महिन्याची सुट्टी जवळ येऊ लागली, की आमच्या सोसायटीत कुणी ना कुणी 'लेह-लडाख करायला' निघालेलं असतं. चारधाम करतात, तसं लेह-लडाख करतात. लोकांच्या हौसेचं मला कौतुकच आहे. पण त्यांच्या प्रवासाचा छापील कागद हातात आला, की माझ्यातली भूगोलाची बाई जागी होते आणि लाल पेन शोधू लागते.

कागद बहुधा असा असतो. पहिला दिवस: मुंबईहून विमानाने लेह, दुपारी बाजार. दुसरा दिवस: खारदुंग ला. तिसरा दिवस: नुब्रा. चौथा दिवस: पँगाँग. प्रत्येक ठिकाणापुढे किलोमीटर लिहिलेले, तास लिहिलेले. समुद्रसपाटीपासूनची उंची मात्र एकाही ओळीत नाही! नेमकी जी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, तीच गाळलेली. असा पेपर मी कधी पास केला नसता.

मुंबई समुद्राच्या काठावर. लेह सुमारे ३,५०० मीटरवर. खारदुंग ला ५,३५९ मीटर. (तिथल्या पाटीवर कित्येक वर्षं १८,३८० फूट असं लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात ते सुमारे १७,५८० फूट भरतात. असो.) म्हणजे आपल्या शरीराला आपण अवघ्या दोन दिवसांत शून्यापासून पाच हजारांच्या वर नेऊन ठेवतो. लोक म्हणतात, "वर ऑक्सिजन कमी असतो." तसं नाही. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण वरही तेवढंच, साधारण २१ टक्के. पण हवाच विरळ. लेहला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतो, म्हणून प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी येतो. शरीर या बदलाशी जुळवून घेतं, पण त्याला दिवस लागतात, तास पुरत नाहीत.

म्हणूनच पर्वतातल्या वैद्यकाचा नियम साधा आहे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. दिवसा उंच खिंड ओलांडली तरी चालेल, पण रात्री खाली उतरून झोपावं. डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं ही पहिली सूचना. ती मिळाली की आणखी वर जायचं नाही. त्रास वाढला तर खाली उतरायचं. दुर्लक्ष केलं तर फुप्फुसात पाणी साठतं, मेंदूला सूज येते, आणि माणूस दगावू शकतो.

हे सांगितलं की दोन उत्तरं ठरलेली. तरुण म्हणतात, "आम्ही रोज जिमला जातो." उंचीला त्याची पर्वा नाही. धडधाकट माणसालाही त्रास होतो, उलट जोशात तो भरभर चढतो. आणि आम्हा म्हाताऱ्यांना सांगतात, "तुम्ही घरीच बसा." हे तर त्याहून चूक. नुसतं वय झालं म्हणून हा त्रास जास्त होतो असं नाही. हृदयाचं, फुप्फुसाचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारायलाच हवं. पण बाकीच्यांना घरी बसवण्यापेक्षा दोन दिवस वाढवा की!

तर माझा आग्रह असा: लेहला जायचं तर श्रीनगरहून रस्त्याने जा, आणि चार दिवस घ्या. अंतर सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. पहिल्या दिवशी सोनमर्ग, सुमारे २,७०० मीटर. दुसऱ्या दिवशी साडेतीन हजार मीटरचा झोजी ला ओलांडून द्रासमार्गे कारगिल, २,६७६ मीटर. तिसऱ्या दिवशी ४,१०८ मीटरचा फोटू ला ओलांडून, पण मुक्कामाला खाली आल्चीला, साधारण ३,१०० मीटरवर. चौथ्या दिवशी लेह. रात्रीच्या मुक्कामांची उंची ओळीने लिहून पाहा: २७००, २६७६, ३१००, ३५००. जणू कुणी पायऱ्या बांधून ठेवल्यात.

हाच रस्ता दोन दिवसांतही होतो, आणि विमानाने थेट उतरण्यापेक्षा तोही बरा. पण मग द्रासचं युद्धस्मारक दहा मिनिटांत उरकतं. समोर तोलोलिंग दिसत असतो, १९९९ साली आपली मुलं तिथे चढली, आणि आपण घड्याळ बघतो. मुलबेखचा खडकात कोरलेला मैत्रेय गाडीच्या काचेतून दिसतो. आल्चीची शेकडो वर्षांची भित्तिचित्रं राहूनच जातात. निमूला झांस्कर आणि सिंधूचा संगम आहे. ज्या नदीवरून देशाला नाव मिळालं, तिच्यापाशी तरी गाडी थांबवावी ना?

मनालीचा रस्ता जास्त सुंदर, असं पुष्कळजण म्हणतात. असेलही. पण त्या वाटेवर सरचूचा मुक्काम जवळजवळ ४,३०० मीटरवर पडतो, आणि आदली रात्र जिस्पाला ३,२०० च्या आसपास काढलेली असते. एका रात्रीत हजार मीटरची उडी. २०२० साली अटल बोगदा झाला, रोहतांगचा वळसा वाचला, ४६ किलोमीटर कमी झाले. २०२५ च्या जानेवारीत सोनमर्गचाही बोगदा खुला झाला. उत्तमच झालं. पण बोगद्याने गाडीचा वेळ वाचतो, रक्ताचा नाही. मनालीची वाट परतीला ठेवा. तोवर शरीर उंचीला सरावलेलं असतं.

माझा एक जुना विद्यार्थी सहली नेतो. तो म्हणाला, "बाई, पटतंय हो. पण आठ दिवसांच्या वर कुणी पैसे देत नाही, आणि पँगाँग काढलं तर कुणी येतच नाही." त्याची अडचण खरी आहे. दोष गिऱ्हाइकाचा, म्हणजे आपला. यादीतली एक जागा कमी करायला आपण तयार नसतो, कारण परत आल्यावर "ते नाही पाहिलंत?" असं कुणीतरी विचारणार. आणि हे वेळापत्रक गाठायला बारा-चौदा तास घाटात चाक धरून बसतो तो ड्रायव्हर. आपल्या घाईची किंमत तो मोजत असतो.

काश्मीरमधल्या परिस्थितीची धास्ती असणारे असतील. २०२५ च्या एप्रिलमधल्या पहलगामच्या हत्याकांडानंतर ती धास्ती खोटी म्हणता येणार नाही. निघण्याआधी चौकशी करा, मन घेत नसेल तर नका जाऊ. विमानानेच गेलात, तर निदान पहिले दोन दिवस लेहमध्ये गप्प बसा. खारदुंग ला कुठे पळून जात नाही. आणि रस्त्याने जाताना एक दिवस मोकळा ठेवाच. झोजी ला बर्फाने, दरडीने कधी अडेल याचा नेम नसतो, आणि परतीचं विमान कुणासाठी थांबत नाही.

या सुट्टीत कुणी तुमच्यापुढे असा कागद ठेवला, तर पैसे भरण्याआधी एकच करा. प्रत्येक मुक्कामापुढे पेन्सिलीने उंची लिहा. आकडे पायरीपायरीने चढत असतील तर खुशाल निघा. उड्या मारत असतील, तर कागद परत द्या आणि दुसरा मागा.