गुरुवारची जपमाळ

मागच्या आठवड्यात आमच्या घरच्या वेदीवर मेणबत्ती कलंडली आणि सासूबाईंनी विणलेल्या क्रोशाच्या रुमालावर चांगलं बशीभर मेण सांडलं. यावरचा उपाय बहुतेक मैत्रिणींना ठाऊक असेल, तरी सांगून ठेवते. मेण ओलं असताना बोट लावू नये, ते पसरतं. पूर्ण घट्ट होऊ द्यावं. मग बोथट सुरीने वरचा थर अलगद खरवडून काढावा, आणि डागाच्या खाली-वर टीपकागद नाहीतर वाण्याच्या पुडीचा खाकी कागद ठेवून वरून कोमट इस्त्री फिरवावी. कागद मेण पिऊन घेतो. दोन-तीनदा कागद बदलला की काम झालं. छापील वर्तमानपत्र मात्र घेऊ नका, पांढऱ्या कापडाला शाई लागते आणि मग तो नवा डाग काढत बसावं लागतं.

आमचा डाग निघाला. पण मेणबत्ती कलंडली कशी, ती गोष्ट जरा लांबची आहे.

आम्ही वसईचे ख्रिस्ती. माझं माहेर नंदाखालचं, सासरही तिथून हाकेच्या अंतरावर. लग्नानंतर नोकरीच्या सोयीने यांनी सानपाड्याला घर घेतलं. इथे संध्याकाळी कारशेडमधल्या लोकलचे भोंगे ऐकू येतात आणि भाजी तुर्भ्याच्या मार्केटमुळे ताजी मिळते, एवढं सोडलं तर गावासारखं काही नाही. १९९२ साली खाडीपुलावरून वाशीपर्यंत लोकल आली आणि मग चहूकडची माणसं इकडे राहायला आली. त्यामुळे आमच्या पॅरिशमध्येही गोव्याचे, मंगळूरचे, तामीळनाडूचे, झारखंडचे असे सगळे. केरळच्या सिरो-मलबार मंडळींचं नेरूळला स्वतःचं चर्च आहे, तिथे प्रार्थना मल्याळममध्ये चालते. बाकीच्यांना एकत्र बांधणारी भाषा कोणती, तर इंग्रजी. आम्ही जातो ती रविवारची सकाळची मिस्साही इंग्रजीत.

मला त्याचं काही वाटत नव्हतं. मी बी.ए.पर्यंत शिकले, सकाळी शाळेत चार तास शिकवते. लेक इंग्रजी माध्यमात, तिचं रविवारचं धर्मशिक्षणही इंग्रजीत. आमचा आठवडा ठरल्यासारखा चालायचा. बुधवारी जमलं तर नोव्हेना, महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी येशूच्या पवित्र हृदयाची प्रार्थना, उपवासकाळात शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची चौदा स्थानं आणि मटण-कोंबडी बंद. शनिवारी रात्री कांदा-खोबऱ्याचं वाटण करून ठेवायचं, म्हणजे रविवारी मिस्सेहून आल्यावर कालवण तासाभरात उतरतं. ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी तासभर पाणी आणि औषधाखेरीज काही घ्यायचं नसतं, त्यामुळे रविवारचा नाश्ता हा विषय आमच्याकडे नाहीच. एकदम दुपारचं जेवण, आणि त्यालाही उशीर झाला तर घरात कोण किती धार्मिक आहे ते लगेच दिसतं!

दोन वर्षांपूर्वी सासरे वारले आणि सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या.

त्यांचं वय आता चौऱ्याहत्तर. गावी पहाटे चर्चची घंटा, दारात दोन चिक्कूची झाडं, येताजाता हाक मारणारी माणसं. इथे तिसऱ्या मजल्यावर बंद दारं. पण कुरकुर नाही. संध्याकाळी सातला वेदीवरचा लाल दिवा लावायच्या, मेणबत्ती पेटवायच्या आणि जपमाळ घेऊन बसायच्या. त्या वेळी माझी वह्या तपासायची घाई, लेकीचा अभ्यास, यांचा फोन. "आई, तुम्ही सुरू करा, मी आलेच" असं मी रोज म्हणायचे आणि येईपर्यंत शेवटचं 'नमो मरिया' झालेलं असायचं. पाच दशकं म्हणायला वीस मिनिटं पुरतात. वीस मिनिटं नव्हती असं मला म्हणता येणार नाही.

रविवारी मिस्सेला त्या आमच्याबरोबर यायच्या, मधल्या बाकावर बसायच्या आणि मिस्सा चालू असताना हातात माळ घेऊन ओठांतल्या ओठांत जप करायच्या. एका रविवारी मागच्या बाकावरच्या बाईंनी वाकून सांगितलं, मिस्सेच्या वेळी जपमाळ करायची नसते. सांगणं चुकीचं नव्हतं, पण आवाज मोठा होता. लेक शरमली. बाहेर आल्यावर तिनेही आजीला ऐकवलं, "अगं आजी, सगळे बघत होते."

पुढच्या रविवारी सासूबाई म्हणाल्या, "माझा गुडघा दुखतोय. तुम्ही जाऊन या."

मी खुळी, मला ते खरंच वाटलं. तीन आठवडे मी रोज रात्री त्यांच्या गुडघ्याला तेल चोळलं, शेकायला पिशवी दिली, डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने गुडघे उत्तम आहेत. घरी आल्यावर त्या मला म्हणाल्या, "मला चार दिवस गावी पोचवशील?" चार दिवस म्हणाल्या, पण कपाटातल्या सगळ्या साड्या पिशवीत भरल्या होत्या. गावच्या घरात आता कोणी नाही. चुलत दीर शेजारी, तेवढाच आधार.

यांनी समजूत घालून पाहिली. मी मात्र त्या रात्री त्यांच्याजवळ बसले आणि सरळ विचारलं. तेव्हा त्यांनी जे सांगितलं त्याने माझे डोळे उघडले. त्या लहान होत्या तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये असे. फादर वेदीकडे तोंड करून म्हणत, लोकांना त्यातलं अक्षर कळत नसे, म्हणून बायका आपापली जपमाळ करत बसत. त्यांची आई तसंच करी. मग दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, १९६२ ते १९६५, आणि तिच्यानंतर लोकांच्या भाषेत मिस्सा सुरू झाली. वसईत ती मराठीत झाली. "पहिल्यांदा मराठीत ऐकलं तेव्हा आई रडली होती," सासूबाई म्हणाल्या. "तिने माळ पिशवीत ठेवली ती पुन्हा मिस्सेत काढली नाही. मीपण नाही काढली." लहानपणी लॅटिन, म्हातारपणी इंग्रजी आणि मधली पन्नासपंचावन्न वर्षं मराठी, असा त्यांचा हिशेब. इथे आल्यावर पुन्हा काही कळेना, तेव्हा हात आपोआप माळेकडे गेला होता. आणि आम्ही दोघी मायलेकी त्यांना रीत शिकवत होतो!

मी शाळेत मुलांना मराठी शिकवते, हेही इथे कबूल करून टाकते.

त्याच आठवड्यात बुधवारी मी रजा टाकली आणि त्यांना माहीमला घेऊन गेले. सानपाड्याहून हार्बरची गाडी पकडायची, वडाळा रोडला उतरून वांद्र्याकडे जाणारी गाडी घ्यायची, आणि माहीमला उतरून सेंट मायकल चर्चपर्यंत चालत जायचं. मधल्या वेळेत जावं, बसायला जागा मिळते. १९४८ सालापासून तिथे दर बुधवारी नित्य साहाय्य करणाऱ्या मरियामातेची नोव्हेना चालते. दिवसभर एकामागून एक वेगवेगळ्या भाषांत प्रार्थना होतात, त्यांत मराठीही असते. नऊ बुधवार करायचे असा नेम. येणाऱ्यांत ख्रिस्ती जितके तितकेच इतरही. बाहेरच्या स्टॉलवर मेणाचे हात, पाय, बाळ, घर, असं सगळं मिळतं, ज्याचं जे मागणं असेल ते वाहायचं. मी गुडघा घ्यायचा का म्हणून हसत विचारलं, तर म्हणाल्या, "गुडघ्याला काय धाड भरलीय?" आणि साधी मेणबत्ती घेतली.

मराठी प्रार्थना सुरू झाली आणि शेजारी बसलेल्या या बाईचा आवाज मी दोन वर्षांत प्रथमच ऐकला, असं म्हटलं तरी चालेल. खणखणीत. पुढच्या ओळीतल्या दोघीतिघी वळून बघायला लागल्या. परतीच्या गाडीत कुर्ल्यापासून सानपाड्यापर्यंत त्या बोलत होत्या.

पण दर बुधवारी रजा कुठून आणायची? आणि रविवारचं काय? त्यावर जो उपाय सापडला तो मेणाच्या डागापेक्षाही सोपा आहे. रविवारी मिस्सेत बायबलमधले जे उतारे वाचतात ते सगळीकडे तेच असतात. वसईला जे मराठीत वाचलं जातं, तेच इथे इंग्रजीत. १९६९ पासून तीन वर्षांचं चक्र ठरलेलं आहे, एक वर्ष मुख्यतः मत्तयचं शुभवर्तमान, दुसऱ्या वर्षी मार्कचं, तिसऱ्या वर्षी लूकचं. म्हणजे आदल्या दिवशी उतारे कोणते ते पाहून घरी मराठीत वाचले, तर दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये काय चाललंय ते कळतं. शिक्षिका म्हणून मी पोरांना रोज सांगते, धडा आधी घरी वाचून या. तेच सासूबाईंसाठी सुचायला मला इतके महिने लागले.

घरात फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' होतं, लग्नात भेट आलेलं. फादर आमच्या नंदाखालचेच. या पुस्तकाला साहित्य अकादमीचा २०१३ चा अनुवाद पुरस्कार मिळाला, २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, २०२४ मध्ये गेले. पुस्तक आमच्याकडे शोकेसमध्ये होतं, धूळ पुसण्यापुरतं बाहेर यायचं. आता शनिवारी रात्री मी एकीकडे वाटण वाटते आणि लेक मोठ्याने मराठीत वाचते. पहिल्या शनिवारी जोडाक्षरांपाशी अडखळून रडकुंडीला आली. आजीने एकेक शब्द सांगितला. चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडहून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सनी आपल्या मराठीत ओव्या रचून 'ख्रिस्तपुराण' लिहिलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं. आणि आमची वसईची पोर मराठी वाचताना रडते. मिक्सरच्या आवाजात मला जरा हसू आलं, जरा लाजही वाटली.

पुढच्या रविवारी सासूबाई आल्या. शुभवर्तमान सुरू झालं आणि पाचव्या वाक्याला त्यांनी नातीला कोपराने ढोसलं. "हे काल आपण वाचलेलं, ना गं?" चांगलं मोठ्याने. मागचे सगळे बघत होते. लेक या वेळी शरमली नाही, मान हलवून "हो" म्हणाली. साड्यांची पिशवी त्याच संध्याकाळी रिकामी झाली. प्रवचन लांबलं की मात्र माळ हळूच बाहेर येते, मी बघून न बघितल्यासारखं करते.

आता मेणबत्तीचं. हल्ली संध्याकाळी आम्ही तिघी बसतो, हे असले तर चौघं. सगळं सुरळीत, फक्त गुरुवारी भांडण. जपमाळेत कोणत्या वारी कोणती रहस्यं म्हणायची ते ठरलेलं असतं. सासूबाईंच्या पाठात गुरुवारी आनंदाची. पण २००२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी प्रकाशाची पाच रहस्यं नव्याने घातली आणि गुरुवार त्यांना दिला. लेक धर्मशिक्षणात हे नवीन शिकलेली. "आजी, आज प्रकाशाची." "माझ्या आईने नाही शिकवली मला." असं दर गुरुवारी. शेवटी एक दशक हिचं, एक तिचं, अशी तडजोड चालायची.

मागच्या गुरुवारी मात्र सासूबाईच म्हणाल्या, "बघू तरी, तुझी ती पाच कोणती?" पहिलं येशूचा बाप्तिस्मा, ते झालं. दुसरं काना गावचं लग्न. लेकीने नुसतं नाव न घेता गोष्टच सांगायला घेतली, आणि तीही मराठीत, मध्येमध्ये अडखळत. लग्नात द्राक्षारस संपला. कोणाच्या लक्षात आलं नाही, ते मरियेच्या लक्षात आलं, तिने मुलाला हळूच सांगितलं.

सासूबाईंनी माळ मांडीवर ठेवली. "अगदी खरं," म्हणाल्या. "मांडवातल्या पुरुषांना कधी कळतं का, मागे काय संपलंय ते?" आणि त्यांनी त्यांच्या नणंदेच्या लग्नातली गोष्ट काढली. पंगत बसलेली आणि भात संपला. तेव्हा त्यांच्या सासूबाईंनी कोणाला कळू न देता मागच्या दाराने शेजारणीकडून भाताचं पातेलं आणलं, आणि शेजारणीच्या घरची पोरं त्या रात्री पेज पिऊन झोपली. दुसऱ्या दिवशी तांदूळ परत पोचवताना सासूबाईही बरोबर गेल्या होत्या. नवी सून, वय एकोणीस. ही गोष्ट यांनीसुद्धा कधी ऐकली नव्हती.

"आणि इथे तर सहा रांजण होते, आजी, दगडाचे, एवढे मोठ्ठे!" म्हणून लेकीने दोन्ही हात पसरले, आणि मेणबत्ती गेली.

मग रुमाल, सुरी, इस्त्री, कागद. भाजी करपली. नऊ वाजले तेव्हा ह्यांनी आतून विचारलं की आज जेवण आहे की उपवास. उरलेली तीन रहस्यं राहिली ती राहिलीच. या गुरुवारी तिथूनच पुढे सुरू करायचं, असं आजी-नातीचं ठरलं आहे. तसं चालतं का, हे फादरना विचारायचं माझ्याकडून अजून राहून गेलंय.