इंडेक्स किती?

मॅनेजमेंटच्या प्राध्यापकाची बढती आली की पहिला प्रश्न : एच-इंडेक्स किती? भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांनी २००५ मध्ये मांडलेलं हे माप. पाच पेपरना प्रत्येकी किमान पाच सायटेशन्स, तर इंडेक्स पाच. एकच पेपर हजारदा उद्धृत झाला, तरी इंडेक्स एकच!

पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला. दारिद्र्यरेषेच्या वादात तो आजही निघतो. दांडेकर १९९५ मध्ये गेले. इंडेक्सवाचून त्यांचं काही अडलं नाही.

आपलं अडतं. म्हणून एका पेपरचे पाच तुकडे करायचे, मित्रानं आपल्याला आणि आपण मित्राला उद्धृत करायचं. बढती समितीनं एकदा तरी म्हणावं : आकडा राहू द्या, तुमचा एक पेपर समजावून सांगा.