आईचं घर, माझं अ‍ॅप

मागच्या दिवाळीत साताऱ्याला आईच्या घरी आवाजावर चालणारे दिवे बसवले. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, रात्री उठून अंधारात बटण चाचपडायला नको, एवढाच हेतू. तीन बल्ब, एक स्पीकर, माझ्या फोनवर अ‍ॅप. अख्खी दुपार गेली. (अर्धा वेळ राउटरने खाल्ला. असले बल्ब बहुतेक २.४ गिगाहर्ट्‌झच्याच वायफायवर जोडले जातात.)

मी ऐटीत म्हटलं, "आई, नुसतं बोल, दिवा लागेल."

"अगं, दिवा लाव बाई," आई म्हणाली.

डबी गप्प! हाक ठरलेल्या नावानेच मारायची आणि पुढे इंग्रजी नाहीतर हिंदी. अलेक्सा भारतात आली २०१७ साली, हिंदी शिकायला २०१९ उजाडलं. आमच्या डबीपुढेही मराठी चालत नाही. स्वतःच्या घरातला दिवा लावायला आईने दुसऱ्या भाषेत बोलायचं, हे मला लागलं. ती एवढंच म्हणाली, "मग बटण काय वाईट होतं?"

तोडगा निघाला. रूटीनला हाक कोणती द्यायची ते आपण ठरवू शकतो. आधी 'दिवेलागण' दिलं. अ‍ॅपमध्ये बघितलं तर डबीने 'दिल्ली लगान' ऐकलेलं. शेवटी 'सांज झाली' तिला कळलं. आता आई ते म्हणते आणि देवघरातला नि दारातला दिवा लागतो. हे मात्र तिला आवडलंय.

खरी चूक पुढेच आहे. आई सवयीने झोपताना बटण बंद करायची. बटण बंद म्हणजे बल्बची वीजच तोडली, मग हाका मारून काय उपयोग? म्हणून मी शहाण्याने बटणांवर चिकटपट्टी लावली आणि पुण्याला परत आलो. एका रात्री अडीच वाजता गेलेली वीज परत आली आणि तिन्ही बल्ब भगभगीत पेटले. वीज आल्यावर बल्बने काय करायचं हे अ‍ॅपमध्ये ठरवता येतं, ते मी पाहिलंच नव्हतं. राउटर सुरू व्हायचा होता, त्यामुळे डबी बहिरी. बटणावर माझी चिकटपट्टी. आई तशीच बसून राहिली. मला फोनही केला नाही, "तुझी झोप कशाला मोडू" म्हणून.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. बटण निकामी करणारी कुठलीही सोय घरात नको. बसवणार असाल तर साधा बल्ब ठेवा आणि बोर्डात बटणामागे छोटं मॉड्यूल वायरमनकडून बसवून घ्या. बहुतेकांना न्यूट्रल लागतो, पण ज्या बोर्डावर प्लग असतो तिथे तो असतोच. मग बोलूनही दिवा लागतो, बटणानेही. नेट गेलं तरी बटण चालतं. आम्ही आता तेच केलंय.

एक गोष्ट राहिलीच. बाथरूमचा दिवा कधी लागला ते मला पुण्यात बसून फोनवर दिसतं. एकदा सहज विचारलं, "काल रात्री तीनदा उठलीस?"

आई जरा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "तुला कोणी सांगितलं?"

अ‍ॅप काढून टाकू का, असं मी विचारलं. त्यावर म्हणाली, "राहू दे. कधी पडले-बिडले तर कळेल तुला. पण रोज नको बघत जाऊ."