आम्हाला 'चांगला मुसलमान' नको

साहित्याच्या वार्षिकात मारधाडीच्या सिनेमांवर लिहायचे म्हटले की काहींच्या भुवया उंचावतात. उंचावू द्या. आम्ही अमरावती-अकोल्याकडचे लोक. कथा-कादंबऱ्या आमच्या हाती उशिरा आल्या. त्याआधी टॉकीजच्या पुढच्या बाकांवर बसून आम्ही जग पाहिले. अमरावतीत चित्रा चौक, श्याम चौक अशी नावे चौकांना पडली ती टॉकीजमुळेच. सी. पी. अँड बेरार हा प्रांत केव्हाच इतिहासजमा झाला, पण सिनेमाच्या धंद्यात 'सी. पी. बेरार सर्किट' हे नाव टिकून राहिले. तेव्हा या विषयावर बोलण्याचा आमचा हक्क वडिलोपार्जित आहे असे समजा.

दुसराही एक हक्क आहे. १९१३ साली अमरावतीत जन्मलेला एका गिरणी कामगाराचा मुलगा मुंबईत सिनेमात गेला आणि १९३८ पासून दहाएक वर्षे कमी खर्चाचे स्टंटपट काढत राहिला. त्याचे नाव भगवान आबाजी पालव, म्हणजे आपले भगवानदादा. पुढे १९५१ मध्ये 'अलबेला' आला तेव्हा शिष्ट मंडळींनी त्यांना ओळख दाखवली. त्याआधीचे त्यांचे प्रेक्षक होते कामगार, हमाल आणि त्यांची पोरे. मारधाडीचा सिनेमा पहिल्यापासून त्यांचाच आहे आणि त्या गर्दीत आमचे बापजादेही होते.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या समाजात या सिनेमांविषयी तीन प्रकारची माणसे बोलतात. पहिली म्हणतात, सिनेमा पाहणेच गुनाह, मग चर्चा कसली? दुसरी आमची सुशिक्षित मंडळी. ती म्हणतात, पाहायचे तर 'गर्म हवा' पाहा, हा कचरा कशाला? तिसऱ्यांना प्रत्येक वादग्रस्त सिनेमावर बंदी हवी असते. या तिघांचे एका गोष्टीवर एकमत आहे. पोरगा पडद्यावर काय पाहतो आणि त्यातून स्वतःबद्दल काय शिकतो, हे त्याच्या शेजारी बसून समजून घ्यायला तिघेही तयार नाहीत. 'गर्म हवा' थोर आहे, हे आम्ही मान्य करतो. पण अकोल्याच्या पानठेल्यावर 'गर्म हवा'च्या गोष्टी होत नाहीत, 'कुली'च्या होतात.

मग 'कुली'पासूनच सुरुवात करू. १९८३ चा सिनेमा, दिग्दर्शक मनमोहन देसाई, संवाद कादर खान यांचे. नायक इक्बाल खान, रेल्वे स्टेशनवरचा हमाल, दंडावर ७८६ चा बिल्ला. खलनायक जफर, तोही मुसलमान आणि ती भूमिकाही कादर खान यांचीच. शेवटची मारामारी हाजी अली दर्ग्यात. या सिनेमात अतर्क्य गोष्टी किती आहेत ते मोजायला बसलो तर हे वार्षिक पुरायचे नाही. पण इक्बाल भांडतो, प्रेम करतो, हमालांचा पुढारी होतो, मार खातो आणि जिंकतो. तीन तासांत कुणीही त्याला 'तू कुणाच्या बाजूचा?' असे विचारत नाही. जफर दुष्ट आहे म्हणून आमच्यापैकी कुणाचे मन दुखावल्याचे आम्हाला आठवत नाही. का दुखावेल? समोर इक्बाल उभा होता.

म्हणून स्पष्ट सांगतो. खलनायक मुसलमान असण्याला आमची हरकत नाही. आमच्यातही वाईट माणसे आहेत आणि ती कोणत्या मोहल्ल्यात राहतात हेही आम्हाला ठाऊक आहे. आमची खरी तक्रार त्या दुसऱ्या पात्राविषयी आहे, ज्याच्यासाठी सगळे टाळ्या वाजवतात. ते पात्र म्हणजे 'चांगला मुसलमान'.

१९७५ चा 'शोले' आठवा. आंधळ्या इमामसाहेबांचा एकुलता मुलगा अहमद गब्बरच्या हातून मारला जातो. गाव डगमगते, तेव्हा तेच इमामसाहेब गावाला सावरतात. द्यायला आणखी मुलगे असते तर तेही दिले असते, असे त्या बापाला वाटते. प्रत्येक वेळी आम्ही रडलो. आजही रडू. पण रडून झाल्यावर विचार करा, अहमदने सिनेमात केले काय? तो मेला. त्याच्या मरणाने गावाला हिंमत आली आणि नायकांना पुढची लढाई मिळाली. आता २००८ चा 'आयर्न मॅन' पाहा. अफगाणिस्तानातल्या गुहेत टोनी स्टार्कचा जीव कोण वाचवतो? यिनसेन नावाचा तिथलाच एक शास्त्रज्ञ. पोलादी चिलखत घडवायला हात कोण लावतो? तोच. आणि स्टार्कला वेळ मिळावा म्हणून गोळ्या खाऊन मरतो कोण? तोच. रामगढ ते अफगाणिस्तान केवढे अंतर, पण चांगल्या माणसाचे काम एकच : नायकासाठी मरणे.

जो मरत नाही त्याला प्रमाणपत्र द्यावे लागते. १९९९ च्या 'सरफरोश'मधला इन्स्पेक्टर सलीम आम्हाला फार आवडतो. आपल्यावर विश्वास टाकला जात नाही हे तो साहेबाच्या तोंडावर सांगतो, त्या दृश्याला टॉकीजमध्ये आम्हीच सर्वांत जोरात शिट्ट्या मारल्या. पण नंतर तोच सलीम आपल्या इमानाचा पुरावा हातात घेऊन परत येतो. तक्रार खरी होती, तर पुरावा त्याने का आणावा? २०२१ च्या 'सूर्यवंशी'पर्यंत हा हिशेब चालूच आहे. तिथे वाईट मुसलमानासमोर चांगला मुसलमान उभा करून वजनकाटा बरोबर केला जातो. माणूस मात्र दोन्ही पारड्यांत नाही.

'पठाण'चे काय, असे कोणी विचारील. २०२३ चा हा सिनेमा आम्ही पहिल्याच आठवड्यात पाहिला आणि खूश झालो. नायकाचे नाव पठाण, भूमिकेत शाहरुख खान, आणखी काय पाहिजे? पण घरी येताना एक गोष्ट टोचत राहिली. हा पठाण अनाथ आहे. आईबापांनी त्याला सिनेमाघरात सोडले होते. आपला धर्म कोणता हे त्याला माहीत नाही आणि नावही मिळाले ते एका अफगाण गावाकडून. एवढ्या मोठ्या नटालाही ते नाव घेऊन नायक व्हायचे तर आईबाप, घर, मोहल्ला सगळे गाळूनच यावे लागले. आम्हाला आईबाप आहेत, साहेब. आमच्या घरी कापूस वेचणाऱ्या, विड्या वळणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या बाया आहेत. 'काय करून राहिला बे?' असे आम्ही विचारतो, 'आदाब अर्ज' करत फिरत नाही.

'अरे, करमणूक आहे, एवढे मनावर का घेता?' असा सल्ला आमचीच पोरे देतात. त्यांना आम्ही अकोला दाखवतो. मे २०२३ मध्ये 'द केरला स्टोरी' आला. त्याच महिन्याच्या १३ तारखेच्या रात्री अकोल्याच्या जुन्या शहरात दंगल झाली. त्या सिनेमावरून समाजमाध्यमावर आलेला मजकूर निमित्त ठरला, असे बातम्यांत आले. एक माणूस जिवानिशी गेला. जखमींमध्ये पोलीसही होते. त्यानंतर जमावबंदी, धरपकड, बंद दुकाने आणि रोजंदारीच्या माणसाच्या घरी थंड चूल. सिनेमा मात्र पुढेही धो-धो कमावत राहिला.

त्या रात्री गल्लीत उतरलेल्या दोन्हीकडच्या पोरांना आपण नायक आहोत असेच वाटत असणार. हे त्यांनी कुठे पाहिले? आमच्या लाडक्या सिनेमातच. कायदा कुचकामी, पंचायत नेभळट, एकट्याची मूठ तेवढी खरी, हे आम्ही पन्नास वर्षे टाळ्या वाजवून पाठ केले आहे. हा दोष आमच्या आवडीचा आहे आणि तो आम्ही कबूल करतो. पडद्यावरच्या नायकाला पोटात गोळी लागली तरी तो गाणे म्हणतो. अकोल्यात मेलेला माणूस परत आला नाही. तेव्हा आमच्या पोरांना आमचे सांगणे एवढेच : दगड म्हणजे समीक्षा नव्हे. सिनेमा खोटा वाटला तर तो का खोटा आहे ते मराठीत लिहा, शेजाऱ्याला समजावून सांगा. आणि जमले तर दुसरा सिनेमा काढा.

'दुसरा सिनेमा काढा' ही थट्टा नाही. अमेरिकेत १९३८ मध्ये सुपरमॅन छापून आला. तो कुणी रचला? क्लीव्हलँडमधल्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुण ज्यू मित्रांनी, जे बाहेरून येऊन वसलेल्या कुटुंबांतले होते. जगातला सर्वांत बलवान नायक त्यांनी स्वतःच काढला. तिथल्याच चित्रकथांत २०१३ मध्ये कमला खान ही जर्सी सिटीतली मुसलमान मुलगी आली आणि २०२२ मध्ये तिची मालिका झाली. ही काही कंपनीची मेहेरबानी नव्हती. आत संपादकाच्या खुर्चीवर सना अमानत नावाची बाई बसलेली होती.

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचे? २००६ आणि २००८ च्या स्फोटांच्या बातम्यांनी ज्या गावाचे नाव देशभर गेले, त्या मालेगावच्या पोरांनी काय केले ते पाहा. नासिर शेख यांनी तिथे 'मालेगाव के शोले' काढला आणि मग 'मालेगाव का सुपरमॅन'. त्यातला सुपरमॅन म्हणजे शफीक नावाचा काटकुळा यंत्रमाग कामगार. उडण्याच्या दृश्यासाठी मागे हिरवे कापड ताणून त्याला आडवा उचलून धरला. त्यांच्यावरचा फैझा अहमद खान यांचा माहितीपट २००८ चा. शफीक पुढे कर्करोगाने गेला. २०२५ मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' चित्रपटगृहांत लागला, तेव्हा या धडपडीची गोष्ट मोठ्या पडद्यावर आली. त्या काटकुळ्या सुपरमॅनला पाहून आम्ही हसलो. पण त्याच्याकडे कुणी इमानाचा पुरावा मागितला नाही, हेही लक्षात ठेवा.

मराठी सिनेमाकडूनही आमची मागणी फार नाही. २०१६ च्या 'सैराट'मधला सल्या आठवा. सलीम शेख, परश्याचा दोस्त. टिंगल करतो, दोस्तीसाठी धावतो, करमाळ्याची मराठी बोलतो. तो मुसलमान आहे हे सांगायला ना सुरमा लागला, ना कव्वाली. असाच एखादा सल्या बडनेऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर किंवा अकोल्याच्या कापूसबाजारात मारामारी करताना का दिसू नये?

ईदच्या दिवशी नव्या कपड्यांत, ईदीचे पैसे घेऊन आमची पोरे टॉकीजवर रांगा लावत आली. २०१० च्या ईदला पडद्यावर कोण होता? चुलबुल पांडे. त्याच्या एंट्रीला आम्ही बाकांवर उभे राहून नाचलो. तो पांडे आहे की खान, हे कुणाच्या मनातही आले नाही. आम्ही पांडेसाठी नाचू शकतो, तर एखाद्या शेख किंवा पठाणासाठी शेजाऱ्याला नाचता येणार नाही असे आम्हाला वाटत नाही. 'कुली'च्या वेळी तो आमच्या शेजारच्याच बाकावर नाचला होता.