विहिरीला कठडा, वाय-फायला पासवर्ड

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबाद साखळी बॉम्बस्फोटांनी हादरले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल मिळाला होता. तपासाचा धागा थेट नवी मुंबईत, सानपाड्यातील एका सदनिकेपर्यंत येऊन पोहोचला. तेथे राहणाऱ्या अमेरिकन नागरिकाची कसून चौकशी झाली, त्याचे संगणक तपासले गेले. त्याच्याविरुद्ध काही सापडले नाही. त्याच्या घरचे वाय-फाय उघडे होते आणि कोणा तिऱ्हाइताने ते वापरले होते. पुढच्या दोन महिन्यांत माटुंग्यातील एक महाविद्यालय आणि चेंबूरमधील एक कार्यालय याच कारणाने तपासाच्या फेऱ्यात आले. डिसेंबर २०१० मधील वाराणसीच्या स्फोटानंतरचा ई-मेलही वाशीतील उघड्या वाय-फायवरून गेल्याचे आढळले. प्रत्येक वेळी पत्ता एकाचा होता आणि हात दुसऱ्याचा.

असे का होते, हे समजायला सोपे आहे. घरात मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप कितीही असोत, बाहेरच्या इंटरनेटला सहसा एकच पत्ता दिसतो, तो त्या घरच्या जोडणीचा. राउटरच्या लहरी मात्र गडग्यापाशी थांबत नाहीत. रस्त्यावर उभा असलेला माणूसही त्या पकडू शकतो आणि त्याने केलेला उद्योग घरमालकाच्या नावावर जमा होतो. आर्थिक फसवणूक असो वा कोणा मुलीला पाठवलेला अश्लील संदेश, पोलीस पहिल्यांदा त्याच दारावर येणार.

मग कोणालाच पासवर्ड देऊ नये का? कोकणात हा सल्ला चालणारा नाही आणि योग्यही नाही. २०२० च्या टाळेबंदीत कणकवली तालुक्यातील एका विद्यार्थिनीला रेंजसाठी डोंगरावर झोपडी बांधून अभ्यास करावा लागला होता. त्याच वर्षी ३ जूनच्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली, मंडणगड भागात वीज आणि मोबाइल दोन्ही बंद पाडले. मुंबईतल्या चाकरमान्यांना गावातल्या आईवडिलांची खुशालीही कळेना. दरीतल्या वाडीत आजही मोबाइलला रेंज नसते आणि एखाद्याच घरात वाय-फाय असते. ई-संजीवनीसारख्या सरकारी सेवेमुळे डॉक्टरांचा सल्ला घरबसल्या मिळू शकतो. रक्ताचा अहवाल फोनवर येतो, साखरेचे आकडे मुलाला मुंबईत पाठवता येतात. शेजारच्या एकट्या राहणाऱ्या आजींसाठी तुमची जोडणी ही आता सोय राहिलेली नाही, ती औषधोपचाराचा भाग झाली आहे. त्यांना नाही म्हणणे हे शेजारधर्माला धरून नाही.

पण शेजाऱ्याला देणे वेगळे आणि उघडे टाकणे वेगळे. कोकणात घरची विहीर अनेकदा चार घरांची असते. पाण्याला कोणी नाही म्हणत नाही. तरीही विहिरीला कठडा असतो, वर जाळी असते आणि पावसाळ्यात त्यात टीसीएल पावडर पडते. पाणी वाटायचे म्हणूनच ते राखायचे. वाय-फायला हाच नियम लावावा.

उघड्या जोडणीचा दुसरा धोका थेट घरात येतो. दूर राहणाऱ्या मुलांनी वृद्ध आईवडिलांवर लक्ष ठेवण्यासाठी घरात कॅमेरे बसवलेले असतात. बँकेचे किंवा आरोग्याचे संकेतस्थळ आता बहुधा माहिती सांकेतिक करून पाठवते, त्यामुळे ती वाटेत वाचणे पूर्वीइतके सोपे नाही. पण एकदा कोणी घरच्या जाळ्यात शिरला की साध्या पासवर्डवर चालणारा कॅमेरा त्याच्या हाती लागू शकतो. ज्या डोळ्यांनी आजारी माणसाची काळजी घ्यायची, तेच डोळे परक्याचे व्हावेत, यासारखी दुसरी नामुष्की नाही.

उपाय खर्चिक नाहीत. जोडणी देणाऱ्या माणसालाच घरी असताना सांगावे. राउटरमध्ये डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ सुरक्षा निवडावी. जुनी डब्ल्यूईपी पद्धत २००१ मध्येच फोडली गेली आहे, ती नकोच. राउटरच्या सेटिंगचा कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड बदलावा. वाय-फायचा पासवर्ड म्हणून स्वतःचा मोबाइल नंबर ठेवू नये, तो गावभर ठाऊक असतो. बहुतेक नव्या राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे ‘गेस्ट’ जाळे सुरू करता येते. शेजाऱ्यांना त्याचाच पासवर्ड द्यावा, म्हणजे घरातले कॅमेरे आणि संगणक अलग राहतात. मात्र बाहेर दिसणारा पत्ता तेव्हाही आपलाच असतो. म्हणून पासवर्ड नावानिशी ओळखीच्या माणसालाच द्यावा आणि पुढे कोणाला देऊ नका, हे स्पष्ट सांगावे. गणपतीत घर पाहुण्यांनी भरते, पासवर्ड वाडीभर फिरतो. विसर्जनानंतर तो बदलायची सवय लावून घ्यावी.

अनोळखी माणसांना इंटरनेट द्यायचेच असेल, तर त्याचीही रीतसर वाट आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेत चहाची टपरी किंवा किराणा दुकानही परवान्याशिवाय सार्वजनिक वाय-फाय देऊ शकते. वापरणाऱ्याची नोंद त्यात होते. गणपतीपुळे, गुहागरकडच्या घरगुती निवासांनी आणि ग्रामपंचायतींनी हा मार्ग धरावा. वाडीतल्या वाचनालयात असे एक केंद्र झाले, तर आजींना डॉक्टरांशी बोलण्यासाठी कोणाच्या ओटीवर ताटकळावे लागणार नाही आणि एका घरावर सगळ्यांचा भारही पडणार नाही.